काडी मोडण्याचा हक्क

४ मार्च १८८७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल वाचून दाखवला. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी महिनाभरात दादाजी भिकाजी या आपल्या नवऱ्याच्या घरी नांदायला जावे. गेल्या नाहीत तर सहा महिन्यांची कैद. रखमाबाई नांदायला जाणार नव्हत्या. तुरुंगात जायला त्या तयार होत्या आणि ते त्यांनी उघडपणे सांगितले.

या निकालाची गोष्ट मराठी वाचकाने ऐकलेली असते. पहिल्या पिढीतली स्त्री डॉक्टर म्हणून रखमाबाईंचे नाव शाळेच्या पुस्तकातही भेटते. पण त्या खटल्याकडे घटस्फोटाच्या कायद्याच्या इतिहासातले एक पान म्हणून पाहिले, तर आज कौटुंबिक न्यायालयात जाणाऱ्या माणसाला पडणाऱ्या अनेक प्रश्नांची उत्तरे तिथे सापडतात. अर्जात कारण का द्यावे लागते, लग्नाला वर्ष होईपर्यंत का थांबायचे, सहमती असूनही सहा महिने कशासाठी, 'नांदायला या' अशी नोटीस वकील का पाठवतात, या प्रत्येक गोष्टीला एक जन्मतारीख आहे. या वाटा कुणीतरी भांडून पाडल्या, आणि काही वाटा कुणीतरी बंदही केल्या.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या जातीत पुनर्विवाहाला बंदी नव्हती, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न लागले. नवरा एकोणीस वर्षांचा. लग्नानंतर त्या माहेरीच राहिल्या आणि शिकत राहिल्या. नवरा मामाच्या आश्रयाला होता, प्रकृतीने खालावलेला होता, शिक्षणात त्याचे मन नव्हते. १८८४ मध्ये त्याने दावा लावला. मागणी एकच, बायको माझ्या ताब्यात द्या.

हा दावा आला कुठून? हिंदू धर्मशास्त्रात नांदायला न जाणाऱ्या बायकोला राजाने तुरुंगात टाकावे, असा कोर्टाचा मार्ग नव्हता. 'वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना' ही कल्पना इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयांतली. १८६७ मध्ये बंगालमधल्या एका मुस्लीम दाम्पत्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ती हिंदुस्थानात रुजवली. आणि ज्या १८८४ साली दादाजींनी मुंबईत दावा लावला, त्याच साली इंग्लंडच्या पार्लमेंटने तिथल्या बायकांना अशा हुकूमनाम्यापायी तुरुंगात टाकण्याची पद्धत रद्द केली. गिरगावातल्या बाईला मात्र तीच शिक्षा तीन वर्षांनी सुनावण्यात आली. धर्माच्या रक्षणासाठी आपण लढतो आहोत, असे त्या वेळी ज्यांना वाटत होते ते एका परदेशी कलमाचे रक्षण करत होते. वसाहतीतल्या न्यायाची ही रीत अनेक ठिकाणी दिसते, पण इतक्या उघड्या स्वरूपात क्वचितच.

पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला होता. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. जिला समज येण्याआधीच लग्नात बांधले, जी कधी त्या घरी राहिलीच नाही, तिला नको असलेल्या माणसाकडे बळाने पाठवणे हे क्रौर्य आहे, असे त्यांचे म्हणणे. या लढाईत काशिनाथ त्रिंबक तेलंगांसारखे कायदेपंडित रखमाबाईंच्या बाजूने उभे होते. पण १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरवला, प्रकरण पुन्हा खाली आले आणि फॅरन यांच्यापुढे पोहोचले. इकडे वर्तमानपत्रांत रणधुमाळी चालली होती. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'अ हिंदू लेडी' या सहीने रखमाबाईंनी १८८५ मध्ये लिहिलेली पत्रे गाजली होती. समाजसुधारक बेहरामजी मलबारी त्यांच्या पाठीशी होते. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात या निकालावर कडक शब्दांत टीका केली. 'केसरी'कार टिळक विरुद्ध बाजूला होते. टिळकांविषयी मनात कितीही आदर असला तरी या प्रकरणात त्यांची बाजू चुकीची होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

प्रकरण मिटले ते जुलै १८८८ मध्ये, तडजोडीने. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. व्हिक्टोरिया राणीने हे लग्न रद्द केले, अशी गोष्ट अजूनही छापली जाते. ती सुखकर आहे, पण कायद्याची बाजू तिने झाकली जाते. लग्न मोडले नव्हते. मोडता येईल असा कायदाच हिंदूंसाठी नव्हता. दादाजींना दुसरे लग्न करायला आडकाठी नव्हती आणि त्यांनी ते केले. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी अनेक वर्षे बायकांची सेवा केली. दादाजी भिकाजी जिवंत असेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने त्या त्यांच्या पत्नी होत्या. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले असे सांगतात.

आता थोडे मागे, पुनर्विवाह चालणाऱ्या जातींकडे जायला हवे. हिंदूंत घटस्फोट नव्हता, हे वाक्य आपण सहज बोलतो. महाराष्ट्रापुरते ते सरळ खोटे आहे.

शब्दांकडेच पाहा. 'घटस्फोट' हा शब्द धर्मशास्त्रात पतिताला जातीबाहेर टाकण्याच्या विधीचा. त्यात पाण्याचा घट लवंडत किंवा फोडत, आणि तो माणूस आपल्याला मेला असे मानत. जिवंतपणी नवराबायको वेगळी होतात ही गोष्ट ज्या वर्गाच्या चालीत नव्हती, त्याला नवा शब्द हवा होता, तेव्हा त्याने बहिष्काराचा शब्द उचलला. काळिमा त्या शब्दातच मुरलेला आहे. गावातल्या इतर जातींकडे मात्र जुना, स्वतःचा शब्द होता: काडीमोड. पंचांसमोर गवताची काडी मोडायची आणि नाते संपले असे सर्वांदेखत सांगायचे. कुठे सोडचिठ्ठी लिहून देत, कुठे फारकत म्हणत. मग बाई पाट, म्हणजे दुसरे लग्न, लावायला मोकळी. मराठा, कुणबी, माळी, कोळी आणि कितीतरी जातींत हे चालत होते. पेशवाईत पाटावर करही घेतला जाई. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर दोघांनाही एकमेकांचा तिटकारा असेल तर सुटका होऊ शकते असे सांगितलेले आहे (धर्म्य विवाहांना ही सवलत नाही, अशी पुस्ती जोडून), आणि त्या सुटकेला त्याने 'मोक्ष' हा शब्द वापरला आहे.

एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील याने दख्खनमधल्या जातीजातींच्या चाली विचारून १८२७ मध्ये पुस्तक तयार केले. त्यात या गोष्टींची नोंद आहे. म्हणजे इंग्रजांना हे ठाऊक होते. तरी पुढच्या अर्ध्या शतकात त्यांच्या न्यायालयांनी ही वाट अरुंद केली. १८६० च्या दंडसंहितेने पहिला नवरा जिवंत असताना दुसरे लग्न करणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवले. १८६४ मध्ये गुजरातेतल्या तळपदा कोळी जातीच्या एका बाईचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. जातीची परवानगी होती, नवऱ्याची नव्हती. न्यायालयाने जातीचा अधिकार मानला नाही. १८७६ च्या एका निकालात तत्त्वच सांगितले गेले, की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मान्य करणार नाहीत. यात न्यायाधीशांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पंचायतीच्या मनमानीची त्यांना भीती होती, आणि ती भीती खोटी नव्हती. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्येही सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. पण जातीची वाट बंद करताना सरकारी वाट उघडली गेली नाही. पुरुषाला कितीही लग्ने करता येत होती, त्यामुळे त्याला काडी मोडण्याची निकड नव्हती. अडकली ती बाई. 'टाकलेली' हा मराठी शब्द याच अवस्थेचा.

इतर धर्मीयांसाठी कायदे होत होते. पारशांचा १८६५ मध्ये झाला, आणि त्यांच्या खटल्यांत समाजातले प्रतिनिधी पंच म्हणून बसत. ख्रिश्चनांचा १८६९ मध्ये झाला; त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे, बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. हा भेद मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मोडून काढला आणि संसदेने २००१ मध्ये कायदाच दुरुस्त केला. १८६६ च्या एका कायद्याने हिंदू माणूस ख्रिस्ती झाला आणि जोडीदार त्याच्यासोबत राहीना, तर लग्न मोडण्याची सोय झाली. मुस्लीम स्त्रियांना न्यायालयातून सुटका मागण्याचा कायदा १९३९ चा. गोव्यात पोर्तुगालच्या नव्या प्रजासत्ताकाचा १९१० चा घटस्फोट कायदा लागू झाला. मग सावंतवाडीच्या बाईला जे मिळत नव्हते ते पलीकडे पेडण्यात कायद्याच्या पुस्तकात होते.

ब्रिटिश मुलखातल्या हिंदूंना सरकार हात लावत नव्हते. १८५७ नंतर धर्माच्या बाबतीत ते दचकून असे. काम केले ते दोन मराठी राजांनी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ च्या सुमारास आंतरजातीय विवाहांना मान्यता, स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध आणि काडीमोड या विषयांवर पाठोपाठ कायदे केले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा आणला. आपल्या प्रजेपैकी उच्चवर्णीय बाईलाही न्यायालयात जाऊन लग्न मोडण्याची मागणी करता आली पाहिजे, हे एका संस्थानिकाने मानले तेव्हा मुंबई इलाख्यात तसे म्हणणे म्हणजे सभा उधळून घेणे होते. मुंबईचे शल्यविशारद डॉ. गो. वि. देशमुख यांनी केंद्रीय कायदेमंडळात हिंदू विधवांच्या मालमत्तेचा १९३७ चा कायदा मंजूर करून घेतला. त्यानंतर हिंदू स्त्रीच्या घटस्फोटाचे विधेयकही मांडले. ते पुढे सरकले नाही.

स्वातंत्र्याच्या तोंडावर मुंबई प्रांताने पाऊल उचलले. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधक कायदा आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा झाला. हे दोन कायदे जोडीने आले, यात शहाणपण होते. नवऱ्याला दुसरी बायको करण्याची मुभा ठेवून घटस्फोट दिला असता, तर त्याचा उपयोग पुरुषांनीच केला असता. द्विभार्या कायद्याला आव्हान मिळाले, तेव्हा १९५१ मध्ये छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने तो उचलून धरला. १९४७ च्या कायद्याची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सलग चार वर्षे जोडीदाराने टाकून दिले असेल, तर घटस्फोट मागता येत होता. 'टाकलेली' या शब्दाला मुंबई प्रांताच्या कायद्यात पहिल्यांदा उत्तर मिळाले होते. ते फार दिवस टिकले नाही.

दिल्लीत हिंदू कोड बिलाची लढाई चालली होती. त्याचा मसुदा करणाऱ्या बी. एन. राव समितीत पुण्याचे विधी महाविद्यालय उभारणारे जगन्नाथ रघुनाथ घारपुरे सदस्य होते. मग हे बिल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती आले. घटस्फोटाला विरोध करणारे म्हणत, हिंदू विवाह हा संस्कार आहे, करार नाही. तो तुटत नाही. आंबेडकरांचे उत्तर सरळ होते. ज्यांना शास्त्रांनी शूद्र म्हटले त्या बहुसंख्य हिंदूंत लग्न मोडण्याची चाल पूर्वीपासून आहे. मग मूठभरांची चाल हीच सर्व हिंदूंचा धर्म कशी? काडीमोड पाहत वाढलेल्या माणसालाच हे इतक्या सहज दिसू शकत होते. बिल रखडले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्यामागच्या कारणांत हे एक मोठे कारण होते.

पुढे बिलाचे तुकडे झाले आणि विवाहाचा तुकडा लोकसभेत पुढे नेला तो हरी विनायक पाटसकर या मराठी मंत्र्यांनी. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. देशभरातल्या हिंदूंना एकपत्नीत्व बंधनकारक झाले आणि घटस्फोट मिळाला. कलम २९ मध्ये जुन्या रूढीने होणारा काडीमोडही राखला गेला. ते कलम आजही आहे, पण त्याचा गैरसमज फार झाला आहे. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर सोडचिठ्ठी लिहिली की सुटलो, असे समजणारे लोक गावोगावी भेटतात. तसे नाही. आपल्या समाजात ही रूढी जुनी आणि अखंड आहे हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करता आले, तरच त्या कागदाला अर्थ. नाहीतर दुसरे लग्न बेकायदा ठरते, आणि हे बहुतेकदा पोटगीचा किंवा वारसाहक्काचा प्रश्न उभा राहिल्यावर कळते, तोवर उशीर झालेला असतो.

१९५५ च्या कायद्याने दिलेला घटस्फोट फार जपून दिलेला होता. लग्नाला तीन वर्षे होईपर्यंत अर्ज करता येत नसे. जोडीदार व्यभिचारात राहत असणे, धर्मांतर, असाध्य वेड, कुष्ठरोग, सात वर्षे बेपत्ता असणे अशी मोजकी कारणे. (कुष्ठरोग हे कारण काढायला २०१९ उजाडले. कुष्ठरोग्यांसाठी उभे राहिलेले आनंदवन ज्या राज्यात आहे तिथल्या माणसाला हे सांगताना संकोच वाटतो.) क्रूरता आणि परित्याग ही कारणे घटस्फोटाची नव्हती. त्यांवर फक्त न्यायिक विभक्तता मिळे, आणि मग आणखी दोन वर्षे एकत्र न राहता काढल्यावर दुसरा अर्ज. मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने टाकलेल्या बाईला जी सरळ वाट दिली होती ती या कायद्याने वळसा घालून दिली, आणि मुंबईचा कायदा रद्दही केला. पुढे गेलेल्या प्रांताला मागच्यांची वाट पाहायला लावली गेली.

हा वळसा संपायला एकवीस वर्षे गेली. मधल्या काळात एक निकाल मैलाचा दगड ठरला. १९५६ मध्ये पुण्यात लग्न झालेल्या एका सुशिक्षित जोडप्याचे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि मार्च १९७५ मध्ये न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी त्यावर निकाल लिहिला. क्रूरता म्हणजे मारहाणच असे नाही. शब्दांनी, धमक्यांनी, रोजच्या वागण्यानेही ती होते. ती फौजदारी गुन्ह्यासारखी संशयातीत सिद्ध करावी लागत नाही, कुणाचे म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढे पाहायचे. आणि झालेली क्रूरता समजूनउमजून माफ करून संसार पुढे चालवला असेल, तर तिचाच आधार घेऊन लग्न मोडता येत नाही. त्या प्रकरणात नवऱ्याला न्यायिक विभक्तता मिळाली नाही ती याच तिसऱ्या मुद्द्यावर. आजही वकील पक्षकाराला विचारतो, त्यानंतर तुम्ही एकत्र राहिलात का? तो प्रश्न इथून आला.

२७ मे १९७६ च्या दुरुस्तीने कायद्याचा चेहरा बदलला. क्रूरता आणि दोन वर्षांचा परित्याग ही घटस्फोटाची सरळ कारणे झाली. तीन वर्षांची अट एका वर्षावर आली. कलम १३-ब ने परस्पर संमतीचा घटस्फोट आणला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तो आधीपासून होता. आणि कलम १३ मध्ये बायकोसाठी एक पोटकलम घातले गेले. पंधरा वर्षांची होण्याआधी जिचे लग्न लावले, आणि पंधरा ते अठरा या वयात जिने ते नाकारले, ती घटस्फोट मागू शकते, मग संबंध आलेला असो वा नसो. त्या पोटकलमात नाव कुणाचेच नाही, पण अकराव्या वर्षी लग्न लागलेली आणि नांदायला जायचे नाकारणारी मुलगी ते वाचताना डोळ्यांपुढे येतेच.

कायदा आला तरी बायांना तो कळत नव्हता आणि परवडत नव्हता. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली. एकेकीने उठून आपली हकिगत सांगितली. नवऱ्याने दुसरी केली आहे, घटस्फोट दिलेला नाही, पोटगी नाही, रेशनकार्डावर नाव माहेरच्यांचेही नाही आणि सासरच्यांचेही नाही. काडीमोडीची चाल गेली आणि कोर्टाची पायरी चढता येत नाही, अशा मधल्या जागेत किती बायका उभ्या आहेत हे महाराष्ट्राला त्या काळात दिसले. १९८४ च्या कायद्याप्रमाणे १९८९ मध्ये पुण्यात आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालये सुरू झाली, तीही याच पार्श्वभूमीवर.

त्या न्यायालयाची रीत मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे. पिटिशन कुठे दाखल करायचे? लग्न जिथे लागले, दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले, किंवा समोरचा जिथे राहतो तिथे. २००३ पासून बायको आत्ता जिथे राहते तिथेही ती दावा लावू शकते; नाशिकला माहेरी आलेल्या बाईला तारखेतारखेला नागपूर गाठावे लागत नाही. समन्स जाते, समोरचा हजर होतो, आणि साक्षीपुराव्याआधी दोघांना विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. तिथे बोललेले पुरावा म्हणून वापरायचे नसते, म्हणून मनातले बोलावे. वकील देणे हा इथे हक्क नाही, न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. व्यवहारात ती मिळते. दावा चालू असताना अंतरिम पोटगी आणि खर्च मागता येतो, आणि हा अर्ज नवराही करू शकतो. वेगळा फौजदारी पोटगीचा अर्ज म्हणजे लोकांच्या तोंडची 'एकशेपंचवीसची केस'. १ जुलै २०२४ पासून ती जुन्या फौजदारी संहितेच्या जागी आलेल्या नव्या संहितेच्या कलम १४४ खाली चालते, पण बोलताना आकडा जुनाच आहे. मग कैफियत, मुद्दे, प्रतिज्ञापत्रावर सरतपासणी, उलटतपासणी, युक्तिवाद. सुनावणी बंद दाराआड होते. हुकूमनामा झाल्यावर लगेच दुसरे लग्न करू नये. अपिलाची मुदत आधी संपू द्यावी. ही मुदत तीस दिवसांची की नव्वद यावर वाद होता, तो मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने नव्वद दिवस असे सांगून मिटवला.

दोघांची संमती असेल तर हे बहुतेक टळते. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा. पोटगी, स्त्रीधन, घर, मुलांचा ताबा आणि भेटी या सगळ्यांच्या अटी लिहून द्यायच्या. वकिली भाषेत त्या 'कन्सेंट टर्म्स'. सहा महिन्यांनी पुन्हा यायचे, अजूनही हेच म्हणणे आहे असे सांगायचे. या मधल्या काळात कुणाही एकाला संमती मागे घेता येते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की समेटाची आशाच उरली नसेल आणि बाकी सगळे मिटलेले असेल, तर सहा महिन्यांची अट माफ करता येते. आणि नाते पूर्ण मेले आहे, पण एकजण संमती देत नाही, तेव्हा काय? विधी आयोगाने १९७८ मध्येच सांगितले होते की 'संसार सावरण्यापलीकडे मोडला' हे स्वतंत्र कारण करावे. संसदेने ते केलेले नाही. १ मे २०२३ रोजी घटनापीठाने हा अधिकार घटनेच्या कलम १४२ खाली सर्वोच्च न्यायालयापुरता मान्य केला. जिल्ह्याच्या न्यायाधीशाला तो नाही. दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत असेल त्यालाच मेलेल्या लग्नातून सुटता येते, हे मला अन्यायाचे वाटते, आणि ते संसदेनेच दूर केले पाहिजे.

आता शेवटची गोष्ट. दादाजींनी १८८४ मध्ये लावला तो दावा अजून लावता येतो. हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ म्हणजे तोच दावा. हुकूमनामा न पाळल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये निघाली; आता मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. बाईचे शरीर आणि तिचा निर्णय तिचा आहे, राज्याने त्यात हात घालू नये, असे म्हणताना तो निकाल पिन्ही यांच्या १८८५ च्या विचाराच्या अगदी जवळ पोहोचला होता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, दुसऱ्या एका प्रकरणात, ते कलम वैध ठरवले. २०१९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला पुन्हा आव्हान दिले. या कलमाच्या बाजूने म्हणतात की त्याने संसार जुळतात. रोजच्या कामकाजात मात्र ते पोटगीच्या अर्जाला प्रत्युत्तर म्हणून, किंवा वर्षभर हुकूम पाळला नाही हे दाखवून घटस्फोट मिळवण्यासाठी वापरले जाते. ज्या देशातून ते आले त्या इंग्लंडने ते १९७० मध्ये पुसून टाकले. आपणही पुसायला हवे.

डॉ. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी वारल्या. हिंदू विवाह कायदा लागू होऊन तेव्हा चार महिने सात दिवस झाले होते. त्यात कलम ९ होते.